फ्रँकोच्या हुकूमशाहीत सामान्य माणसाचं जगणं कसं होतं, हे दाखवणारा स्पॅनिश चित्रपट कोणता?

‘ला त्रिंचेरा इन्फिनिता’ (2019) नक्की बघा. 1936 मध्ये यादवी पेटते आणि आंदालुसियातल्या एका गावातला इहिनियो फ्रँकोच्या माणसांकडून पकडला जाण्याच्या भीतीने घरातच दडून बसतो. तब्बल तीस वर्षांहून अधिक काळ! भिंतीआडच्या अंधाऱ्या कोनाड्यातून, एका फटीतून तो घर बघत राहतो. बाहेरचं सगळं बायको रोसावर. शिवणकाम करून ती घर चालवते, आणि पोटचा मुलगा लोकांना भाचा म्हणून सांगावा लागतो. मला तर खरी नायिका तीच वाटते. बेलेन कुएस्ताने काय काम केलंय! तिला त्यासाठी गोया हा स्पेनमधला मानाचा चित्रपट पुरस्कारही मिळाला. कथा काल्पनिक असली, तरी अशी लपून राहिलेली माणसं स्पेनमध्ये खरोखर होती. काहीजण 1969 मध्ये फ्रँको सरकारने यादवीच्या काळातल्या गुन्ह्यांना माफी दिल्यावरच बाहेर आले.