‘प्रमाणपत्र आणा, मग बघू’ असे शाळा म्हणू शकते का?

प्रश्न : माझा मुलगा चौथीपर्यंत मराठी प्राथमिक शाळेत शिकला. पाचवीपासून तो अनुदानित इंग्रजी शाळेत आहे आणि आता सहावीत आहे. वाचताना त्याच्या ओळी सुटतात, फळ्यावरचे उतरवून होत नाही. पण मासळीबाजारात हिशेब वडिलांच्या आधी तोंडी सांगतो. मुख्याध्यापक म्हणतात, ‘अपंगत्वाचे प्रमाणपत्र आणा, मग बघू, नाहीतर याच वर्गात ठेवू किंवा दाखला काढून न्या.’ आम्ही काय करावे? — एक आई, डिचोली तालुका, गोवा

उत्तर : मुलाला मागे ठेवण्याचा आणि दाखल्याचा मुद्दा आधी पाहू. शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १६ नुसार, २०१९ च्या दुरुस्तीनंतरही, विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवण्याची मुभा केवळ पाचवी आणि आठवीपुरती आहे, तीही फेरपरीक्षेनंतर. सहावीत ती नाही. आठवी पूर्ण होईपर्यंत मुलाला शाळेतून काढताही येत नाही. शाळा अल्पसंख्याक संस्थेची असल्यास मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालामुळे हा कायदा तिला लागू होत नाही, आणि गोव्यात अशा शाळा बऱ्याच आहेत, म्हणून ते आधी तपासा. शाळा कोणतीही असो, दाखल्याच्या अर्जावर सही करू नका. एकदा सही झाली की शाळा ‘पालकांनीच नेले’ असे म्हणायला मोकळी होते.

खरा प्रश्न प्रमाणपत्राचा आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ चे कलम १६ शासकीय, अनुदानित आणि मान्यताप्राप्त अशा सर्व शाळांना, अल्पसंख्याक शाळांनाही, लागू आहे. त्यात मुलांमधील विशिष्ट अध्ययन अक्षमता (वाचन, लेखन किंवा गणितातली खास अडचण, जसे डिस्लेक्सिया) शक्य तितक्या लवकर ओळखण्याचे आणि त्यावर अध्यापनाचे योग्य उपाय योजण्याचे कर्तव्य शाळेवर टाकले आहे. म्हणजे ओळखण्याचे काम शाळेचे आहे आणि ते प्रमाणपत्राच्या आधीचे आहे. विकास कुमार विरुद्ध संघ लोकसेवा आयोग या २०२१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने लेखनिकाची (परीक्षेत उत्तरे लिहून देणाऱ्या मदतनीसाची) सवलत चाळीस टक्के अपंगत्व असलेल्यांपुरती मर्यादित ठेवता येत नाही, असे म्हटले आहे. पुढे दहावीच्या परीक्षेत वाढीव वेळ, लेखनिक किंवा भाषेतून सूट हवी असेल तेव्हा मात्र प्रमाणपत्र लागेलच, त्यामुळे तपासणी पुढे ढकलू नका.

तपासणीच्या बाबतीत तुमच्या मुलाचे प्रकरण थोडे नाजूक आहे. पाचवीत माध्यम बदलल्यावर वाचन अडखळणे आपल्याकडे घरोघरी दिसते, आणि ‘इंग्रजी कच्चे आहे’ एवढे म्हणून शाळा मोकळी होते. अडचण माध्यमाची की अक्षमतेची, हे ठरवायचे तर मुलाचे मराठी वाचनही तपासले गेले पाहिजे. तिसरी-चौथीच्या वह्या रद्दीत दिल्या नसतील तर त्या शोधून काढा. ‘घर’च्या जागी ‘धर’, गळलेले काने-मात्रे, मध्येच सोडलेला परिच्छेद अशा चुका त्या वह्यांतही सातत्याने दिसत असतील, तर त्या माध्यम बदलण्याच्या आधीच्या आहेत हे उघड आहे. आधी डोळे आणि कान तपासून घ्या. मग बुद्धिमत्ता चाचणी आणि वाचन, लेखन, गणिताच्या चाचण्या होतात. त्यासाठी बांबोळीच्या आयपीएचबीमध्ये, म्हणजे मानसोपचार आणि मानवी वर्तन संस्थेत, चौकशी करा आणि वह्या सोबत न्या. हिशेबाची गोष्टही तिथे सांगा, कारण तोंडी उत्तर आणि लेखी उत्तर यांतली तफावत परीक्षकाला उपयोगी पडते.

याच आठवड्यात मुख्याध्यापकांना लेखी अर्ज द्या. वर्गशिक्षकांनी कोणती निरीक्षणे नोंदवली आहेत आणि दिव्यांग हक्क अधिनियमाच्या कलम १६ प्रमाणे कोणते उपाय योजले, हे त्यात विचारा. तपासणी होईपर्यंत फळ्यावरचा मजकूर छापील स्वरूपात मिळावा, लेखी चाचणीला जादा वेळ द्यावा आणि काही उत्तरे तोंडी घ्यावीत, अशी विनंती करा. आपल्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. पुढे सगळे या शिक्क्यावर उभे राहते. शिपाई ‘साहेब नाहीत, ठेवून जा’ म्हणाला तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवा.

पंधरा दिवसांत उत्तर आले नाही, तर भागशिक्षणाधिकाऱ्यांकडे आणि त्यानंतर राज्य दिव्यांगजन आयुक्तांकडे तक्रार करा. आयुक्तांना साक्षीदार बोलावण्याचे आणि कागदपत्रे मागवण्याचे दिवाणी न्यायालयासारखे अधिकार आहेत. त्यांनी केलेल्या शिफारशीवर काय कारवाई केली, हे संबंधित प्राधिकरणाला तीन महिन्यांत कळवावे लागते. उच्च न्यायालयाचा मार्ग खुला आहेच, पण मुलाला त्याच वर्गात त्याच शिक्षकांसमोर बसायचे आहे, हे लक्षात घेऊन मी तो शेवटी ठेवीन.