लंडनहून एडिनबर्ग एका दिवसात होईल का? आईबाबा सोबत आहेत

तुम्ही विचारलंय की आईबाबा, दोघंही पासष्टीच्या पुढचे, लंडनला येतायत तर त्यांना सकाळी एडिनबर्गला नेऊन रात्री परत आणता येईल का, आणि तिथं नक्की काय दाखवावं. मी नोकरीनिमित्त तिथं दीड वर्ष राहिले आणि त्यात माझे आईबाबा तीन आठवडे येऊन गेले, आईचा उजवा गुडघा तेव्हाही त्रास द्यायचा, त्यामुळे हा प्रश्न मी अक्षरशः तिच्या पायांनी चालून बघितलाय.

एका दिवसात नका करू. लंडनच्या किंग्ज क्रॉस स्टेशनवरून ट्रेनला साधारण साडेचार तास लागतात, म्हणजे जाऊन येऊन नऊ तास बसण्यातच गेले आणि उरलेल्या चार-पाच तासांत तुम्ही त्यांना पळवणार. दोन रात्री तरी काढा, तीन मिळाल्या तर फारच छान. (जाताना उजव्या बाजूच्या खिडक्या घ्या, बेरिक गावाच्या आसपास समुद्र अगदी रुळांच्या जवळ येतो, बाबा अजून त्याबद्दल बोलतात.)

आता मुख्य गोष्ट, जी मला कुणी आधी सांगितली नव्हती. या शहरात अंतर मोजायचं नाही, चढ मोजायचा. गूगल मॅपवर दोन रस्ते एकमेकांना छेदताना दिसतात, आपण तिथं पोचतो आणि कळतं की एक रस्ता पुलावर आहे आणि दुसरा त्याच्या खाली दोन-तीन मजले खोल, मध्ये नुसत्या पायऱ्या. काउगेट नावाचा रस्ता असाच आहे, त्याच्यावरून जॉर्ज फोर्थ ब्रिज जातो आणि साउथ ब्रिजसुद्धा जातो, त्या साउथ ब्रिजच्या १९ कमानींपैकी १८ इमारतींच्या मागे झाकल्या गेल्यात, वरून चालताना आपण पुलावर आहोत हे कळतही नाही. हे सगळं असं का, तर किल्ल्याचा खडक हा जुन्या ज्वालामुखीचा घट्ट दगड, हिमयुगात बर्फ पश्चिमेकडून सरकत आला तेव्हा त्या दगडानं त्याला अडवलं आणि दगडाच्या मागे पूर्वेकडे शेपटीसारखा उतार शिल्लक राहिला. जुनं शहर त्या शेपटीवर वसलंय. रॉयल माइल हा तिथला मुख्य रस्ता म्हणजे त्या शेपटीचा कणा, वर किल्ला, खाली होलीरूड राजवाडा.

म्हणून नियम एकच ठेवा, वर जायला टॅक्सी किंवा बस, खाली यायला पाय. आम्ही पहिल्या दिवशी उलटं केलं, खालून वर चालत गेलो, आणि अर्ध्या रस्त्यात आई एका दुकानाच्या पायरीवर बसली ती वीस मिनिटं उठली नाही. मला फार वाईट वाटलं होतं तेव्हा. रस्ता घडीव दगडांचा आहे, ओला झाला की निसरडा होतो, चांगल्या ग्रिपचे बूट दोघांनाही घ्याच, चपला-सँडल नको.

किल्ल्याची तिकिटं ऑनलाइन आधी काढा, वेळेचा स्लॉट मिळतो आणि उन्हाळ्यात तिकिटं संपतात. आत लँग स्टेअर्स म्हणून ७० पायऱ्या आहेत, त्या टाळून फिरून जाणारा उताराचा रस्ता आहे तो घ्या, शिवाय ज्यांना चालणं जड जातं त्यांच्यासाठी वर नेणारी गाडी असते, गेटवर विचारा, लाजू नका. साडेअकराच्या सुमाराला आत गेलात तर एकची तोफ आरामात मिळते. १८६१ पासून ही तोफ दुपारी एकला उडते (रविवार, गुड फ्रायडे आणि ख्रिसमस सोडून), लीथ बंदरातल्या जहाजांना घड्याळं लावता यावीत म्हणून सुरू केलेली. आईला आधी सांगून ठेवा, आवाज फार मोठा असतो. सेंट मार्गारेट चॅपल हे शहरातलं सगळ्यात जुनं बांधकाम, बाराव्या शतकातलं, एवढंसं आहे पण आत दोन मिनिटं शांत उभं राहा. त्याच्या बाहेरच मॉन्स मेग नावाची १४४९ सालची प्रचंड तोफ आहे. बाबांनी तिच्या तोंडाशी उभं राहून मला जंजिऱ्याच्या कलालबांगडी तोफेची सगळी माहिती सांगितली.

आणि आपल्या लोकांनी एक गोष्ट तिथं आठवावी असं मला मनापासून वाटतं. पुण्यातला इंग्रजांचा रेसिडेंट माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन, ज्याच्या काळात खडकीची लढाई झाली आणि पेशवाई गेली, तो एडिनबर्गच्याच शाळेत शिकला आणि त्याचे वडील या किल्ल्याचे गव्हर्नर होते. १७०७ मध्ये स्कॉटलंड इंग्लंडशी जोडलं गेलं तेव्हा इथला मुकुट, राजदंड आणि तलवार याच किल्ल्यात एका पेटीत बंद करून ठेवली, लोक विसरून गेले, आणि ती पेटी लेखक वॉल्टर स्कॉटनं उघडवली ते साल १८१८. ज्या वर्षी आपल्याकडचं राज्य संपलं त्याच वर्षी यांना आपल्या गेलेल्या राज्याच्या खुणा परत सापडल्या. हे मी बाबांना त्या काचेच्या कपाटासमोर सांगितलं आणि ते बराच वेळ काही बोलले नाहीत. (राज्याभिषेकाचा दगड मात्र आता तिथं नाही, तो २०२४ मध्ये पर्थच्या म्युझियममध्ये गेला.)

किल्ल्यातून बाहेर पडून रॉयल माइलवरून हळूहळू उतरा आणि दोन्ही बाजूंना ज्या अरुंद बोळी दिसतात, त्यांना तिथं क्लोज म्हणतात, त्यातल्या निदान दोन-तीन बोळींत शिरा, कारण शहर खरं तिथं आहे, मुख्य रस्त्यावर लोकरीचे मफलर आणि फ्रिज मॅग्नेटच जास्त. लेडी स्टेअर्स क्लोजमध्ये बर्न्स, स्कॉट आणि स्टीव्हन्सन या तिघा लेखकांचं छोटं म्युझियम आहे, फुकट. ग्रेफ्रायर्स चर्चजवळ बॉबी कुत्र्याचा पुतळा आहे, मालकाच्या थडग्यापाशी १४ वर्षं बसून राहिलेला म्हणतात तो, त्याचं नाक पर्यटक घासतात आणि त्यानं पुतळा खराब होतोय, तिथल्या लोकांना ते अजिबात आवडत नाही, प्लीज नका घासू.

दुसरा दिवस सोपा ठेवा. नॅशनल म्युझियम फुकट आहे, लिफ्ट आहेत, बसायला भरपूर जागा आहे, क्लोन केलेली डॉली मेंढी तिथंच आहे, पाऊस लागला तर अख्खा दिवस तिथं जातो. नंतर प्रिन्सेस स्ट्रीटची बाग, जिथं पूर्वी तळं होतं, ते उपसून काढलं आणि पलीकडे १७६७ च्या नकाशाप्रमाणे सरळ रेषेतलं नवं शहर बांधलं. नवं म्हणायचं, पण अडीचशे वर्षं झाली त्याला. सपाट, रुंद, आई तिथं खूश होती. आर्थर्स सीट ही टेकडी २५१ मीटर उंच आहे, ती तुम्ही एकटे पहाटे करून या. आईबाबांना कॅल्टन हिलवर न्या, चढ थोडाच आहे आणि किल्ला, समुद्र, आर्थर्स सीट सगळं एका जागी दिसतं. जूनमध्ये दहापर्यंत उजेड असतो, डिसेंबरमध्ये पावणेचारलाच अंधार, त्याप्रमाणे वेळ धरा.

राहायची जागा बघताना फोटो नाही, लिफ्ट बघा. माझे काका-काकू नंतर आले तेव्हा आम्ही त्यांना एक सुंदर फ्लॅट घेतला, निघाला चौथ्या मजल्यावर, गोल दगडी जिना, लिफ्ट नाही, मालकानं तसं कुठं लिहिलंही नव्हतं. जुन्या इमारतींत हे सर्रास असतं, बुकिंगआधी स्पष्ट विचारा. ऑगस्टमध्ये फेस्टिव्हल असतात, वातावरण भारी असतं पण गर्दी आणि भाडी दोन्ही वाढतात, आईबाबांसोबत मे किंवा सप्टेंबर बरा. २४ जुलै २०२६ पासूनच्या मुक्कामाला ५ टक्के पर्यटक करही आहे, तो हिशोबात धरा.

खाण्याचं टेन्शन घेऊ नका. हॅगिस म्हणजे मेंढीचं काळीज, फुप्फुस वगैरे ओट्स आणि मसाल्यात, वजडी आवडणाऱ्या बाबांनी दोनदा मागवलं. आई शाकाहारी, तिला डाळी-बियांचं व्हेज हॅगिस मिळालं आणि आवडलंही, बहुतेक पबमध्ये असतं. सुटे पैसे स्कॉटिश बँकांच्या नोटांत मिळतात, त्या तिथंच संपवा, लंडनमध्ये काही दुकानदार घ्यायला कां-कूं करतात. बसला कार्ड टॅप केलं की पुरे, एका दिवसाची मर्यादा भरली की पुढचे पैसे कापत नाहीत. आणि छत्र्या घरीच ठेवा, त्या वाऱ्यात आमच्या दोन मोडल्या, टोपीवालं रेनकोट जॅकेट प्रत्येकाला एक घ्या, अगदी जुलैमध्ये जात असलात तरी.