तापीचं घोडं अडलंय कुठे?

प्रश्न: तुर्कमेनिस्तानचा गॅस भारतात येणार हे आम्ही वर्षानुवर्षं वाचतोय, मधे इराणच्या पाइपलाइनचीही चर्चा होती. करार झाले, भूमिपूजन झालं, गॅस मात्र आला नाही. पाकिस्तानमुळेच अडलं ना हे सगळं? (एक वाचक, चिपळूण)

उत्तर: पाकिस्तान हे एक कारण आहेच, पण सगळं त्याच्यावर ढकललं तर खरा तिढा दिसतच नाही. तापी म्हणजे तुर्कमेनिस्तान-अफगाणिस्तान-पाकिस्तान-भारत, गल्किनिश गॅसक्षेत्रापासून हेरात, कंदाहार, क्वेट्टा, मुलतान करत आपल्या पंजाबातल्या फाजिल्कापर्यंत सुमारे १८१४ किलोमीटर, वर्षाला ३३ अब्ज घनमीटर गॅस. नव्वदच्या दशकात युनोकॅल ही अमेरिकन कंपनी यासाठी थेट तालिबानशी बोलत होती, पण ऑगस्ट १९९८ मध्ये अमेरिकेनं अफगाणिस्तानात क्षेपणास्त्रं टाकली आणि डिसेंबरपर्यंत कंपनी बाहेर पडली. पुढे आशियाई विकास बँकेनं विषय हातात घेतला, २००८ मध्ये भारत आला, डिसेंबर २०१० ला तुर्कमेनिस्तानच्या राजधानीत, अश्गाबातमध्ये चार सरकारांचा करार, मे २०१२ मध्ये भारत आणि पाकिस्तानचे गॅसखरेदीचे करार, आणि डिसेंबर २०१५ मध्ये भूमिपूजन, त्याला आपले उपराष्ट्रपती हमीद अन्सारी गेले होते.

आता एवढं सगळं सह्यांनिशी झालं तरी पुढे का सरकेना, तर कर्ज. अशा प्रकल्पाला हजारो कोटी लागतात आणि ते देणारी बँक मंत्र्यांचे फोटो बघत नाही, ती बघते की गॅस नक्की निघणार का, वाटेत कोणी लाइन उडवली तर नुकसान कोणाचं आणि वीस-पंचवीस वर्षं पैसे कोण भरणार. म्हणून एखादी बडी तेल कंपनी पुढे असावी असं सगळ्यांना वाटत होतं, पण त्या कंपन्यांना बदल्यात गॅसक्षेत्रातच हिस्सा हवा होता आणि जमिनीवरच्या (म्हणजे समुद्रातल्या नव्हे) क्षेत्रात विदेशी कंपनीला हिस्सा द्यायला तुर्कमेनिस्तान तयार होईना. शेवटी त्यांची सरकारी तुर्कमेनगॅझच ८५ टक्के घेऊन पुढे झाली, आपल्या सरकारी गेल या गॅस कंपनीकडे ५ टक्के.

इथे चीनचं उदाहरण बघायलाच हवं. त्याच तुर्कमेनिस्तानातून चीनच्या सीमेपर्यंत जवळपास तेवढ्याच लांबीची लाइन, २००६ मध्ये करार आणि डिसेंबर २००९ मध्ये गॅस सुरू! चीनच्या सरकारी कंपनीला तिथे जमिनीवरचं क्षेत्रही मिळालं, कर्जही चीननंच दिलं, गॅस घेणाराही चीनच, आणि वाटेतले उझबेकिस्तान, कझाकस्तान शांत. पैसा, गॅस आणि गिऱ्हाईक एकाच हातात असले की वाटाघाटी किती सोप्या होतात ते यात दिसतं, आपल्याकडे या तीन गोष्टी तीन दिशांना होत्या.

प्रश्न: मी स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करतेय. इराणच्या पाइपलाइनमध्ये "डिलिव्हरी पॉइंट"चा वाद होता असं वाचलं, आणि "टेक ऑर पे" म्हणजे काय? सोप्या शब्दांत सांगाल का? (एक वाचक, नाशिक)

उत्तर: नक्की. ही लाइन इराणमधून पाकिस्तानमार्गे भारतात येणार होती. इराणचं म्हणणं होतं की गॅस इराण-पाकिस्तान सीमेवर आम्ही सोडला की तो तुमचा, आमचं बिल तिथेच सुरू. भारताचं म्हणणं, गॅस भारताच्या सीमेवर पोचला की मगच पैसे. बघायला गेलं तर फरक फक्त जागेचा आहे, पण मधे बलुचिस्तान आहे, तिथे गॅसच्या लाइनवर हल्ले होत आलेत, म्हणजे ती सगळी जोखीम कोणाच्या खात्यात जाणार हाच तो वाद. मला भारताची ही भूमिका तेव्हाही बरोबर वाटली, आजही वाटते. शिवाय ठरलेला भाव दर काही वर्षांनी पुन्हा बघायचा अशी इराणची मागणी होती आणि पाकिस्तानला किती ट्रान्झिट फी, म्हणजे त्यांच्या हद्दीतून गॅस नेण्याचं भाडं, द्यायची हे वेगळंच. मणिशंकर अय्यर पेट्रोलियम मंत्री असताना यात खूप जीव ओतला गेला, २००६ च्या सुरुवातीला ते खातं मुंबईच्या मुरली देवरांकडे गेलं, अमेरिकेशी अणुकराराची बोलणी चालूच होती आणि अमेरिकेला ही इराणची लाइन नको होती, आणि २००८ नंतर आपण जवळपास बाहेरच पडलो. दर आणि जागेवर अडून बसणं ठीक, पण टेबलावरून उठायला नको होतं असं मला मनापासून वाटतं, कारण उठल्यावर समोरच्याला दर खाली आणायचं काही कारणच उरत नाही. (इराण-पाकिस्तान लाइनचं पाकिस्तानातलं काम मार्च २०१३ मध्ये वाजतगाजत सुरू झालं, पण अमेरिकी निर्बंधांच्या भीतीनं तेही रखडलं.)

टेक ऑर पे म्हणजे करारात ठरलेला गॅस तुम्ही उचला नाहीतर न उचलता पैसे भरा. विकणाऱ्याची एवढी गुंतवणूक असते की त्याला ही खात्री लागतेच. याचा झटका आपल्याला जहाजातून येणाऱ्या एलएनजीत, म्हणजे थंड करून द्रव केलेल्या गॅसमध्ये, बसलाय. २०१५ मध्ये बाजारात गॅस स्वस्त झाला म्हणून एलएनजी आयात करणाऱ्या आपल्या पेट्रोनेट कंपनीनं कतारकडून ठरल्यापेक्षा कमी उचलला आणि सुमारे १२ हजार कोटींचा दंड डोक्यावर आला, मग वाटाघाटी करून कतारनं दंडही सोडला आणि दरही जवळपास निम्म्यावर आणला. हे जमलं कारण बाजारात दुसरे विकणारे होते आणि कतारला गिऱ्हाईक टिकवायचं होतं. जहाज दुसऱ्या बंदराकडे वळवता येतं, जमिनीत पुरलेली पाइप कुठे वळवणार? म्हणून पाइपलाइनच्या करारात दर बदलण्याचं कलम सहीच्या आधीच नीट लिहून घ्यावं लागतं, नंतर हात बांधलेले असतात.

प्रश्न: अफगाणिस्तानात तापीचं काम परत सुरू झालंय म्हणे, मग आपण आता उत्साह दाखवायचा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर: सप्टेंबर २०२४ मध्ये तुर्कमेनिस्तानच्या सेरहेताबादकडून हेरातच्या दिशेनं काम सुरू झालंय हे खरं, पण हेरातपर्यंतची लाइन म्हणजे फाजिल्कापर्यंतची नव्हे, पाकिस्तानातले आठशेच्या वर किलोमीटर बाकीच आहेत. बोलणी जरूर चालू ठेवावीत, पण पैसे फाजिल्कालाच द्यायचे ही अट सोडू नये, आणि दर ठरवताना दहेज-दाभोळला उतरणाऱ्या एलएनजीचा त्या वेळचा भाव समोर ठेवावा. पाइपचा गॅस त्यापेक्षा बऱ्यापैकी स्वस्त पडत नसेल तर एवढी जोखीम घेऊन तो आणायचा कशासाठी, हे तुर्कमेनिस्तानला पहिल्याच बैठकीत विचारावं.