दिवाळीच्या पाडव्याला गुजराती मैत्रिणीनं घरी बोलावलंय. त्यांचं नवं वर्ष कसं असतं? जाताना काय लक्षात ठेवू?

सकाळी लवकर जा आणि घरून नाश्ता करून जाऊ नका. बाकी सगळं ह्यापुढचं.

मी बडोद्यात वाढले. घर मराठी, शेजार सगळा गुजराती. आपला दिवाळी पाडवा म्हणजे त्यांचं 'बेसतुं वरस'. विक्रम संवत उत्तरेत चैत्रात बदलतं, गुजरातेत कार्तिक शुद्ध प्रतिपदेला. २०२५ मध्ये २२ ऑक्टोबरला संवत २०८२ लागलं. तिथीच्या हिशेबात कधी दिवाळी आणि नव्या वर्षाच्या मधे एक दिवस नुसताच उरतो, त्याला 'धोको' म्हणतात. त्यामुळे "दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी ये" एवढ्यावर जाऊ नका, तारीख विचारून घ्या. (मैत्रीण कच्छी असेल तर तिचं खास कच्छी नवं वर्ष आषाढी बीजेला, तेव्हाही बोलावणं येईल.)

मला ह्या दिवसातलं सर्वांत आवडतं ते मीठ. पहाटे अंधारातच गल्लीत आरोळी यायची, "सबरस... सबरस!" टोपलीत मीठ घेऊन कुणीतरी दारोदार फिरत असायचं. वर्षातली पहिली खरेदी मिठाची, शकुनाची. बडोद्यातल्या पहिल्या दिवाळीत आई वैतागली होती, म्हणे सणाच्या दिवशी पहाटे कोण मीठ विकतं! पुढच्या वर्षी उटण्याची वाटी बाजूला ठेवून तीच दारात सुटे पैसे घेऊन उभी.

मग आंघोळ, नवे कपडे, देवदर्शन. वैष्णवांच्या हवेलीत (म्हणजे कृष्णमंदिरात) आणि स्वामीनारायण मंदिरांत अन्नकूट, म्हणजे देवापुढं पदार्थांची रास मांडतात, ते बघायला गर्दी उसळते. जैन घर असेल तर सकाळ महावीरांचे शिष्य गौतमस्वामी यांच्या स्मरणानं सुरू होते. घरी मोठ्यांच्या पाया पडायचं, 'साल मुबारक' किंवा 'नूतन वर्षाभिनंदन' म्हणायचं. पोरांच्या हातावर पैसे पडतात, ती 'बोणी'. कुठल्या घरी किती मिळते हे आम्हा पोरांना पाठ होतं.

त्यानंतर फेऱ्या. आधी कुटुंबातल्या सर्वांत वडीलधाऱ्यांकडे, मग उतरत्या क्रमानं बाकीचे, मग शेजारी. प्रत्येक घरी दहा मिनिटं, आणि प्रत्येक घरी ताटल्या तयार: मठिया, वर संचळ (काळं मीठ) आणि तिखट भुरभुरलेली चोराफळी, घूघरा (आपल्या करंजीची बहीण), मोहनथाळ, शेवटी मुखवास. नको म्हणायची सोय नाही. एकेक तुकडा उचलायचा आणि पुढं सरकायचं, नाहीतर तिसऱ्या घरीच तुम्ही आडवे व्हाल.

माझ्या मते खरा सण हा फेऱ्यांचाच. कोण आलं नाही हे वर्षभर लक्षात राहतं. आमच्या समोरच्या घरातल्या दोन भावांत वाटणीवरून बोलणं बंद होतं, पण धाकटा दर बेसत्या वर्षाला यायचा. वहिनीच्या पाया पडायचा, भावाच्या पाया पडायचा, एक घूघरा खायचा आणि एक शब्द न बोलता निघून जायचा. आम्ही गॅलरीतून बघायचो. चौथ्या की पाचव्या वर्षी त्यानं चहा मागितला.

हल्ली सोसायटीच्या हॉलमध्ये 'स्नेहमिलन' ठेवून सगळं तासाभरात उरकतात आणि बरेचजण सुट्टी म्हणून थेट आबू नाहीतर दीव गाठतात. मला ते पटत नाही, पण पाच-सहा तासांच्या फेऱ्यांनंतर चपला काढून बसलेल्या बायका पाहिल्या की गप्प बसते.

मिठाईचा बॉक्स नेऊ नका, त्या दिवशी त्यांच्याकडे रास पडलेली असते. घरची भाजणीची चकली न्या, पहिल्यांदा तीच संपेल. आणि गुजरातेतच जाणार असाल तर काय हवं-नको ते आधीच घेऊन ठेवा. दिवाळीला हिशेबाच्या चोपड्यांची पूजा झाली की बरीचशी दुकानं लाभपाचमेच्या (कार्तिक शुद्ध पंचमीच्या) मुहूर्तालाच उघडतात. आता चोपड्यांच्या जागी लॅपटॉपवर कुंकवाचा साथिया (स्वस्तिक) काढतात, पण शटर त्या दिवसापर्यंत खालीच असतं.