लिथियमची पातळी वर-खाली का होते?

प्रश्न : भावाला बायपोलरसाठी (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होणारा आजार) लिथियम सुरू आहे. गोळ्या तेवढ्याच, तरी रक्तातली पातळी एकदा ०.७, एकदा १.३ मिलिमोल प्रति लिटर आली. असं का?

उत्तर : बहुतेकदा घोळ वेळेचा असतो. रात्रीच्या गोळीनंतर १२ तासांनी, सकाळची गोळी घेण्याआधी रक्त द्यावं. लवकर दिलं तर आकडा फुगतो. लिथियम-हेपारिनच्या नळीत (रक्त गोठू नये म्हणून लिथियमयुक्त रसायन घातलेली नळी) रक्त घेतलं तरी तेच होतं, हे लॅबला जरूर विचारा. वेळ आणि नळी बरोबर असूनही आकडा जास्त आला तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवा. मूत्रपिंड लिथियमला मिठातल्या सोडियमसारखंच वागवतं. म्हणून जुलाब, निर्जळी उपास, अचानक मीठ तोडणं किंवा आयबुप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी यांमुळे लिथियम रक्तात साठतं. हात जोरात थरथरणं, उलट्या, तोल जाणं दिसलं तर पुढची गोळी न देता लगेच रुग्णालय गाठा.