बाबांच्या त्या एका वाक्याचं काय?

प्रश्न : मी सातवीत आहे. माझी इंग्रजी माध्यमाची शाळा तालुक्याला आहे, बसने सव्वा तास लागतो. मला आठवीला गावातल्या सेमी-इंग्रजी शाळेत जायचंय. आई-बाबा ऐकूनच घेत नाहीत. त्यांना कसं पटवू?

उत्तर : तुझं चार पानी पत्र वाचलं. मुद्दे मोजले, अकरा भरले. वकील होशील! पण बाबांना ज्याचं उत्तर हवंय, ते त्यात कुठेच नाही.

ॲरिस्टॉटलने पटवण्याच्या तीन वाटा सांगितल्या आहेत : बोलणाऱ्याची पत, ऐकणाऱ्याच्या भावना आणि तर्क. त्यातही पत जवळजवळ सगळ्यांत परिणामकारक, असं त्याचं म्हणणं. तुझी पत सध्या जरा पातळ आहे, रागावू नकोस. अबॅकस आणि कथक दोन्ही अर्ध्यावर सोडलं, हे तूच लिहिलंयस. ‘हेही तसंच असणार’ असं आईला वाटलं तर तिचं काय चुकलं? आणि जिवलग मैत्रीण त्याच शाळेत आहे हे तिसऱ्या पानावर, तेही कंसात! ते आधी सांगून टाक. नंतर कळलं, तर बाकीचे दहा मुद्दे वाया जातील.

तर्क तुझ्या बाजूने आहे. दोन्ही शाळा राज्य मंडळाच्या, आणि सेमी-इंग्रजीतही गणित-विज्ञान इंग्रजीतूनच. इतिहास-भूगोल मात्र मराठीतून होईल, मराठी प्रथम भाषा आणि इंग्रजी तृतीय भाषा होईल. हेही लपवू नकोस. बालभारतीच्या संकेतस्थळावरून आठवीचं मराठी माध्यमाचं इतिहासाचं पुस्तक मोफत उतरवून घे. एक धडा वाच, त्याखालचा स्वाध्याय वहीत सोडव आणि ती वही घरी दाखव. जमतंय की नाही, ते तुलाही कळेल.

आता बाबा. तू ओझरतं लिहिलंयस की ते एकदाच म्हणाले, ‘मुलाखतीत माझ्या तोंडून इंग्रजी शब्द फुटला नाही.’ माझ्या मते सगळं घोडं इथेच अडलंय. ते तुझ्या शाळेबद्दल बोलतच नाहीयेत, त्या दिवसाबद्दल बोलताहेत. अबोला धरून किंवा ताट बाजूला सारून ही भीती जाणार नाही, उलट वाढेल. त्या मुलाखतीत काय झालं होतं, ते त्यांना विचार आणि मध्ये न बोलता ऐक. मग त्यांना सांग, की रोज रात्री पंधरा मिनिटं मी तुमच्याशी इंग्रजीतच बोलेन. ‘शाळा बदलली तर’ अशी अट न घालता, आजपासूनच. महिनाभर खाडा झाला नाही, तर अबॅकसचाही हिशेब फिटेल.

एवढं झाल्यावर आईला घेऊन त्या शाळेत जा. आठवीच्या सेमीच्या तुकडीत जागा आहे का, हे मुख्याध्यापकांना विचारा. जागा नक्की झाल्याशिवाय जुन्या शाळेतून दाखला मात्र काढू नका.