वसईचा किल्ला गाईड न घेता, पायी, एका सकाळीत कसा बघावा?

तुम्ही विचारलंय की रविवारी सकाळी आई (वय ६२) आणि नऊ वर्षांची मुलगी घेऊन वसईचा किल्ला बघायचाय, गाईड नकोय, कुठून सुरू करू आणि "नुसत्या पडक्या भिंतीच आहेत का" असंही. मी मूळ नाशिकचा पण बरीच वर्षं वसईत राहतो, पाहुणे आले की किल्ला दाखवायचं काम घरात माझ्याकडेच असतं, म्हणून जरा लांबलचक लिहितोय, सांभाळून घ्या.

सगळ्यात आधी डोक्यातून "किल्ला" काढून टाका. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा सोबतचे दोन मित्र ट्रेकचे बूट आणि काठ्या घेऊन आलेले आणि गेल्या गेल्या विचारायला लागले की चढायचं कुठून. चढायचं कुठूनच नाही, सगळं सपाट आहे. राजगड-तोरणा बघतो तसं बुरूज शोधत फिरलात तर तासाभरात झुडपांत अडकाल, काटे लागतील आणि बोअर होऊन परत याल, आमचं तेच झालं होतं. हे तटबंदी घातलेलं बंदराचं शहर होतं. आत रस्ते, चौक, चर्च, मठ, इस्पितळ, श्रीमंत पोर्तुगीजांची घरं, सगळं होतं. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहाकडून तहात वसई पोर्तुगीजांना मिळाली आणि मग दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलखाचा कारभार इथून चालला, आपली मुंबई तेव्हा वसईच्या हाताखालचं बेट होती. त्यामुळे शहर बघतो तसं बघा, म्हणजे जमिनीकडच्या वेशीतून आत जायचं, मधल्या रस्त्याने चालत राहायचं आणि समुद्राकडच्या वेशीतून बाहेर पडायचं. बास, एवढाच रूट.

वसई रोड स्टेशनला पश्चिमेला उतरा, तिथून किल्लाबंदरची बस मिळते नाहीतर रिक्षा करून पारनाक्यापर्यंत या. पारनाक्याला नाश्ता उरकून घ्या, पाण्याच्या बाटल्या भरून घ्या, आत दुकान नाही. साडेसातला वेशीत असलात तर उत्तम. दहानंतर ऊन आणि प्री-वेडिंगवाले एकदमच येतात, प्रत्येक कमानीत एक गाऊन आणि एक रिफ्लेक्टर धरलेला पोरगा.

वेशीपाशी एक मिनिट थांबून तटाची जाडी बघा. बाकीच्या बाजूंना खाडी, समुद्र आणि चिखल, खरा धोका उत्तरेच्या जमिनीकडून, म्हणून सगळा जोर इकडे. गंमत म्हणजे १६७४ साली मस्कतहून सहाशेच्या आसपास अरब उतरले, तटाबाहेरची चर्च लुटून गेले आणि आतली शिबंदी भिंतीआड गप्प बसून राहिली. १७३९ ला चिमाजी आप्पांनी वेढा घातला तो पण याच बाजूने. फेब्रुवारी ते मे, ऐन उन्हाळ्यात, बुरुजांखाली सुरुंग खणून. काही सुरुंग नीट उडाले, काही आपल्याच माणसांवर उलटले, माणसं दोन्हीकडची प्रचंड गेली. शेवटी मे महिन्यात पोर्तुगीजांनी शरणागती पत्करली आणि ठरल्याप्रमाणे त्यांना मानाने बाहेर जाऊ दिलं. मुलीला हे वेशीतच उभं राहून सांगा, आत गेल्यावर ती चिमण्या आणि सरड्यांमागे पळणार.

पुढे रस्त्यावर चिमाजी आप्पांचा पुतळा लागतो, मग नागेश्वराचं आणि वज्रेश्वरीचं देऊळ. आई तिथे बसतील, बसू द्या, सावली आहे. जवळच बालेकिल्ला आहे, म्हणजे शहराच्या आतला छोटा कोट, त्याच्या दरवाजावर पोर्तुगीज राजचिन्ह अजून दिसतं.

आता मेन गोष्ट, चर्च. बरीच आहेत, सगळी बघू नका, तिसऱ्यानंतर सगळी सारखीच दिसायला लागतात. माझ्या मते तीन पुरे.

एक जेजुइटांचं, म्हणजे कॅथलिक धर्मगुरूंच्या एका संघाचं. याचा दर्शनी भाग सगळ्यात चांगला टिकलाय, खांबांवरची नक्षी नीट दिसते. वसईत जन्मलेले गोन्सालो गार्सिया लहानपणी इथल्या जेजुइटांकडे शिकले, पुढे जपानला गेले आणि १५९७ ला नागासाकीत त्यांना क्रुसावर मारलं. १८६२ ला त्यांना संतपद मिळालं, भारतात जन्मलेले पहिले संत ते हेच. त्यांचा सण आजही इथेच होतो, एरवी ओसाड असलेल्या या जागेत त्या दिवशी खुर्च्या मांडलेल्या असतात, माईक असतो, आणि वसईची अख्खी ख्रिस्ती मंडळी जमते.

दुसरं फ्रान्सिस्कनांचं (हा कॅथलिकांचाच दुसरा संघ), संत अँथनीचं. इथे वर नाही, खाली बघत चाला. छप्पर गेलंय पण जमिनीत थडग्यांचे दगड आहेत, त्यावर पोर्तुगीजमध्ये कोरलेलं. अक्षरं झिजलीयत पण सकाळचं तिरपं ऊन पडलं की उठून दिसतात, म्हणून तर लवकर या म्हणालो. "सेपुल्तुरा" हा शब्द शोधायला मुलीला सांगा, म्हणजे थडगं. माझ्या भाचीने एका दगडावर बाटलीतलं पाणी ओतलं, हाताने माती पुसली, आणि एकेक अक्षर करत अख्खी ओळ वाचून काढली, अर्थ शून्य कळला पण अर्धा तास हलायला तयार नव्हती. पाणीच ओता, खडूने रंगवू नका. आणि कोणी बदाम काढून नाव कोरताना दिसलं तर बोला काहीतरी, मी बोलतो, शिव्या पण खाल्ल्यात.

तिसरं संत जोसेफचं, समुद्राकडच्या वेशीजवळचं, उंच मनोरा लांबूनच दिसतो. दारावरच्या शिळेवर १६०१ साल आहे, त्या साली त्याची डागडुजी झाली असं त्यावर कोरलंय. मनोऱ्यात गोल जिना आहे, अंधारा आणि झिजलेला. आईंना खालीच बसवा आणि मुलीला हात धरूनच न्या, पावसाळ्यात तर अजिबात नको, शेवाळावरून घसरून माझ्या एका मित्राने हात मोडून घेतलाय.

एक गोष्ट शोधून सापडणार नाही ती म्हणजे घंटा. एवढी चर्च आणि घंटा एकही नाही, कारण वसई घेतल्यावर मराठ्यांनी त्या काढून नेल्या आणि ठिकठिकाणच्या देवळांना दिल्या. भीमाशंकरला एक आहे, वाईजवळ मेणवलीला एक आहे, आणि आमच्या नाशकात गोदेकाठी नारोशंकराच्या देवळात आहे तिच्यावर १७२१ साल आहे. आमच्याकडे मोठ्या आवाजात बोलणाऱ्या बाईला "नारोशंकराची घंटा" म्हणतात, माझ्या आजीला सगळी आळी म्हणायची. ती घंटा वसईच्या चर्चमधली आहे हे मला इथे राहायला आल्यावर कळलं, म्हणजे लहानपणी पुरात पाणी घंटेला लागलं का बघायला ज्या घाटावर धावायचो तिथे वसईच टांगलेली होती. मोकळ्या मनोऱ्याखाली उभं राहिलं की मला आजी आठवते, काय करणार.

दगडांचं पण तसंच, ते पण इथून बाहेर गेले, फक्त आधी, पोर्तुगीजांच्याच काळात. ओल्ड गोव्यात बॉम जेझूस चर्चच्या दर्शनी भागातला काळा दगड वसईहून जहाजाने गेलेला. तुम्ही गोव्याला गेला असाल तर वसई थोडी बघूनच आलायत.

मग समुद्राकडची वेस. हिला लोखंडी खिळे ठोकलेली सागवानी दारं होती. कमानीतून बाहेर पडलात की शहर एकदम संपतं आणि किल्लाबंदरचा कोळीवाडा सुरू होतो. बांबूच्या काठ्यांवर बोंबील टांगलेले, जाळी विणणारी माणसं, किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या. वास येणार, नाक दाबून "ईईई" करू नका, लोकांचं अंगण आहे ते. फोटो काढायचा तर विचारून काढा. सुके बोंबील घ्यायचे तर कोळणीकडून घ्या आणि भाव फार करू नका, दोन-चार डबल पिशव्या घरून आणा नाहीतर ट्रेनमध्ये शेजारचा उठून जाईल. काहीजण इथपर्यंत येतच नाहीत, चर्चमध्ये रील काढून परत फिरतात. अहो पण बंदर होतं म्हणून तर शहर होतं, आणि बंदर एवढंच अजून चालू आहे.

परतीला स्टेशनकडे जाऊच नका. २०२४ च्या फेब्रुवारीत वसई-भाईंदर रो-रो बोट (माणसांबरोबर गाड्याही नेणारी) सुरू झालीय, जेट्टी किल्ल्याला लागूनच आहे. वेळा आदल्या दिवशी बघून ठेवा. भाईंदरला उतरून लोकल पकडायची. बोटीत गाड्या पुढे लावतात, तुम्ही मागच्या कठड्याला जाऊन उभे राहा, तोंड वसईकडे करून. झाडीत बुडालेला तट, त्यावर डोकं काढलेला संत जोसेफचा मनोरा, खाली होड्या. जहाजाने येणाऱ्याला हे शहर याच बाजूने दिसायचं. मुलीला विचारा, इथून कुठला मनोरा चढलो ते ओळखता येतं का.